तासांचा जमाखर्च: ‘आपल्या गतीने’ अकाउंटिंगची पदवी

“एका टर्ममध्ये किती विषय होतात?” अमेरिकेत घरबसल्या अकाउंटिंगची पदवी करायला निघालेला माणूस सगळ्यात आधी हेच विचारतो. उत्तरं मिळायला वेळ लागत नाही. कुणी सांगतं चार, कुणी सांगतं वीस. गंमत अशी की दोघंही खरं बोलत असतात, आणि ऐकणाऱ्याची पंचाईत नेमकी तिथेच होते. वीसवाल्याचं ऐकून तो नाव घालतो, आणि तीन महिन्यांनी दोन विषयांवर अडकून बसतो तेव्हा वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. बहुतेक वेळा कमी काही नसतं. हिशोब चुकलेला असतो, आणि अकाउंटिंग शिकायला निघालेल्या माणसाचाच हिशोब चुकावा हे जरा नवलच.

उदाहरणासाठी एकच विद्यापीठ धरू, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी, लोकांच्या तोंडी ‘डब्ल्यूजीयू’. 1997 साली अमेरिकेतल्या 19 गव्हर्नरांनी मिळून हे विद्यापीठ काढलं. मुख्य कचेरी युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीत. इथे ठरावीक वेळेचा वर्ग नाही, हजेरी नाही. टर्म सहा महिन्यांची, आणि ती कुठल्याही महिन्याच्या एक तारखेला सुरू करता येते. फी विषयागणिक नाही, टर्मची ठोक. तयारी झाली की परीक्षा मागायची. पास झालात की विषय संपला, मग तो तीन दिवसांत संपवा की तीन महिन्यांत. गुणही नाहीत. पास की नापास एवढंच, आणि पास म्हणजे किमान ‘बी’ दर्जाचं काम असं धरलं जातं.

थोडक्यात पोटभर थाळी. दोन पोळ्या खाल्ल्या काय नि दहा खाल्ल्या काय, पैसे तेवढेच. त्यामुळे प्रत्येकाला दहा खायची हाव सुटते. टर्मचे 4,000 डॉलर धरले तर चार विषयांत विषय हजाराला पडतो, आठ केले तर पाचशेला. हे गणित डोक्यात शिरलं की अभ्यास बाजूला राहतो आणि माणूस नुसते भाव काढत बसतो.

कमीत कमी खायची अटही आहे. पूर्ण वेळ विद्यार्थी म्हणून पदवीला दर टर्मला 12 युनिट घ्यावीच लागतात. साधारण विषय तीन युनिटांचा, म्हणजे चार विषय. आता इथेच एक बारीक गोम आहे. पदवीला सुमारे 120 युनिटं लागतात. दर टर्मला 12 प्रमाणे दहा टर्म, म्हणजे पाच वर्षं. ‘फुल टाइम’ म्हणवणारी किमान गती पाच वर्षांची आहे! चार वर्षांत उरकायचं तर टर्मला 15 युनिटं हवीत. ‘किमान’ आणि ‘पुरेसं’ यांत फरक आहे, हे कित्येकांना दुसऱ्या वर्षी कळतं.

युनिट म्हणजे नेमका किती अभ्यास? ही मोजदाद कुठून आली ते मजेशीर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अँड्र्यू कार्नेगीने प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. ते पैसे कुठल्या कॉलेजांना द्यायचे हे ठरवायला कार्नेगी फाउंडेशनला कॉलेज म्हणजे काय याचं माप हवं होतं. त्यातून 1906 च्या सुमारास तासांचं प्रमाण रूढ झालं. ज्ञान मोजायला म्हणून नव्हे, पेन्शन वाटायला म्हणून. शंभर वर्षांहून जास्त काळ जग त्याच फूटपट्टीने शिक्षण मोजतंय.

त्या फूटपट्टीचा आजचा अमेरिकी अर्थ असा: एका क्रेडिटमागे (डब्ल्यूजीयूचं युनिट साधारण तेवढंच) आठवड्याला एक तास वर्गात, दोन तास घरी, असं साधारण 15 आठवडे. म्हणजे क्रेडिटला 45 तास. तीन क्रेडिटांचा विषय 135 तासांचा. आपल्याकडे इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, एका क्रेडिटला 30 तास धरतं, सहा क्रेडिटांचा विषय 180 तासांचा. आकडे वेगळे, पण दोन्हीकडे सांगणं एकच: विषयाला तास लागतात, आणि ते कुठूनतरी आणावे लागतात.

चार विषय, 540 तास. टर्म 26 आठवड्यांची. भागाकार केला की आठवड्याला जवळजवळ 21 तास.

आता एक बाई कल्पनेत आणू. नाव सीमा. राहते न्यू जर्सीत, एडिसनला. एका छोट्या कंपनीत पुरवठादारांची बिलं नोंदवणं आणि चुकती करणं हे तिचं दिवसाचं काम. महाराष्ट्रात बी.कॉम. झालेली, पण त्यालाही बारा वर्षं झाली. मुलगा नऊ वर्षांचा. रात्री साडेनऊला तो झोपला की अकरापर्यंत दीड तास मिळतो. आठवड्याचे पाच दिवस, साडेसात तास. शनिवारी चार, रविवारी तीन. एकूण साडेचौदा.

26 आठवड्यांचे 377 तास होतात. पण 26 आठवडे कुणाला पूर्ण मिळतात? मुलाला एकदा ताप येणार, ऑफिसात महिनाअखेरीची गडबड असणार, दिवाळी येणार, सासूबाई येणार. चार आठवडे गेले असं धरू. उरले 22, म्हणजे 319 तास. हवेत 540. तूट 221 तासांची.

ही तूट बघून सीमाने नाव काढून घ्यावं का? नाही. कारण तिच्याकडे दुसरं खातं आहे. अकाउंटिंगचा पाया तिने कधीकाळी घोटलेला आहे. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद ही साखळी तिला माहीत आहे. पायाभूत विषयाला तिला 135 नव्हे, उजळणीचे 30 तास लागले, वाचले 105. दुसरा विषय स्प्रेडशीटचा. ते ती रोज दहा तास वापरते, 25 तासांत परीक्षा दिली, वाचले 110. एकूण बचत 215. तूट 221, बचत 215. सहा तासच कमी पडले, आणि तेवढे कुठल्यातरी सुट्टीच्या दिवशी निघतात. टर्म पार पडली. चार विषय झाले, शिवाय पहिले दोन तर महिन्याभरात झाले! सीमा मैत्रिणीला सांगते, “अगं, काही कठीण नाही. पुढच्या टर्मला मी सात घेते.”

घोटाळा होतो तो इथे. 215 तासांची बचत तिने त्या टर्ममध्ये कमावली नव्हती. ती बारा वर्षांपूर्वीच्या कॉलेजातून आणि रोजच्या नोकरीतून आली होती. आपल्याच भाषेत बोलायचं तर आधीचं ज्ञान हे भांडवल आहे आणि दर आठवड्याचे तास हे उत्पन्न. पहिल्या टर्मला तिने भांडवल मोडून खर्च भागवला आणि त्याला नफा समजून बसली. दुसऱ्या टर्मला समोर इंटरमीजिएट अकाउंटिंग येणार, कॉस्ट अकाउंटिंग येणार, अमेरिकेचा आयकर येणार. तिथे मोडायला भांडवल नाही. तिथे 135 ला 135 लागतील, कधी 160 सुद्धा.

वीस विषय एका टर्ममध्ये संपवणारा माणूसही असाच वाचायचा. तो खोटं बोलत नाही, फक्त ताळेबंदाची एकच बाजू दाखवतो. दुसरी बाजू पाहा: बहुधा त्याने पंधरा वर्षं हिशोबाच्या खात्यात काढलेली असतात. किंवा नाव घालण्याआधीच सोफिया लर्निंग, स्टडी डॉट कॉम अशा महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या ठिकाणी इंग्रजी, गणित, अर्थशास्त्र असे विषय उरकून ते युनिट सोबत आणलेले असतात. पदवीचा मोठा हिस्सा असा बाहेरून आणायची मुभा आहे. किंवा तो सहा महिने नोकरी सोडून आठवड्याला पन्नास तास बसलेला असतो. तिन्ही मार्ग रास्त आहेत. पण त्याचा आकडा उचलून आपल्या आठवड्यावर लावणं म्हणजे शेजाऱ्याचा ताळेबंद पाहून आपला चेक फाडणं.

जुन्या भांडवलाबद्दल आणखी एक. त्यालाही घसारा असतो. आपल्याकडे शिकलेल्यांना हा फटका फार अनपेक्षित जागी बसतो. आपण शिकलो ते व्यक्ती खातं, मालमत्ता खातं, नामधारी खातं आणि त्यांचे तीन नियम: घेणाऱ्याला नावे, देणाऱ्याला जमा वगैरे. अमेरिकी पुस्तक या नियमांचं नावही काढत नाही. तिथे सगळं एका समीकरणावर उभं: मालमत्ता बरोबर देणी अधिक मालकाचा हिस्सा. नोंद शेवटी तीच होते, पण परीक्षेत प्रश्न समीकरणाच्या अंगाने येतो. ताळेबंदाचा क्रमही उलटा. आपल्या कंपनी कायद्याच्या नमुन्यात आधी भागभांडवल आणि देणी, मग मालमत्ता, त्यातही कायमची मालमत्ता आधी. अमेरिकेत सगळ्यात वर रोकड. शेवटी आलेला माल आधी खपला असं धरून साठ्याची किंमत काढायची ‘लिफो’ पद्धत भारतीय मानकांना चालत नाही. अमेरिकेत चालते, आणि परीक्षेत हमखास असते. साठ्याची किंमत एकदा खाली आणली आणि नंतर बाजार सुधारला, तर भारतात ती पुन्हा वर नेता येते. अमेरिकी नियमांत येत नाही. ‘हे मला येतं’ म्हणून धडा उलटणारा माणूस नेमका अशा ठिकाणी सापडतो. म्हणून पायाभूत विषयालाही 30 तास ठेवायचे, शून्य नाही.

आता मुख्य प्रश्न: हे 135 तास जातात कुठे? व्हिडिओ तर सगळे मिळून वीस-पंचवीस तासांचेही नसतात. एक उदाहरण जवळून पाहू.

कर्जरोख्याचा, म्हणजे बॉण्डचा, प्रश्न घ्या. कंपनीने एक लाख डॉलरचा रोखा काढला, मुदत पाच वर्षं. त्यावर छापलेला व्याजदर 8 टक्के, व्याज दर सहा महिन्यांनी. पण बाजारात अशा रोख्यांना 10 टक्के मिळतात. मग हा रोखा लाखाला कोण घेईल? कुणी नाही. तो बट्ट्याने, म्हणजे छापील किमतीहून कमी भावाने, विकावा लागतो. किती बट्ट्याने? दर सहामाहीला 4,000 असे दहा हप्ते आणि शेवटी एक लाख, या सगळ्याची आजची किंमत 5 टक्के सहामाही दराने काढायची. हप्त्यांची येते 30,887, मुद्दलाची 61,391. बेरीज 92,278. तेवढ्याला रोखा विकला गेला, बट्टा 7,722.

पहिली सहामाही संपली. हातातून रोख गेले 4,000. पण खर्च 4,000 लिहायचा नाही. खर्च 92,278 च्या 5 टक्के, म्हणजे 4,614. वरचे 614 बट्ट्यातून कमी होतात आणि रोख्याची पुस्तकी किंमत चढून 92,892 होते. दुसऱ्या सहामाहीला त्या नव्या रकमेवर 5 टक्के: 4,645. पुस्तकी किंमत 93,537. असं करत दहाव्या ओळीला ती बरोबर एक लाखावर यायला हवी.

व्हिडिओत हे आठ मिनिटांत होतं. शिकवणारा ओळीमागून ओळ भरत जातो आणि आपण मान डोलावतो. प्रत्येक पायरी पटते. पटलं म्हणजे आलं, असं वाटतं. मग व्हिडिओ बंद करून कोरा कागद घ्या. पहिला अडथळा: 8 टक्के घ्यायचे की 10? दुसरा: दर अर्धा केला, पण हप्ते पाचच ठेवले. तिसरा: 614 बट्ट्यातून वजा करायचे की रोख्यात मिळवायचे? चौथा: परीक्षेत रोखा एक जानेवारीला नव्हे, एक मार्चला विकलेला असतो, म्हणजे दोन महिन्यांचं साचलेलं व्याज आलंच. पाचवा: तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कंपनीने तो 102 टक्के भावाने परत घेतला, तोटा किती? त्यासाठी कोष्टकाची सहावी ओळ हवी. आठ मिनिटांचा व्हिडिओ, आणि कागदावर पहिल्यांदा दीड तास. तीन दिवसांनी पुन्हा चाळीस मिनिटं. आठवड्याने पंधरा. 135 तास या दीड तासांत आणि चाळीस मिनिटांत जातात.

तीन दिवसांनी पुन्हा का? कारण विसरणं हे झपाट्याने होतं, आणि विसरू लागलेलं मुद्दाम आठवावं लागलं की ते जास्त पक्कं बसतं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःलाच निरर्थक अक्षरं पाठ करायला लावून 1885 साली विसरण्याचा वेग मोजला होता. एकाच रात्री चार तास बसून केलेलं कोष्टक आणि चार दिवस रोज तासभर केलेलं कोष्टक यांत तास सारखेच, फळ मात्र सारखं नाही. शनिवारी आठ तास ठोकणाऱ्यांनी हे जरा मनावर घ्यावं. बरं, चौथ्या तासानंतर नावे कुठे नि जमा कुठे हे दिसेनासं होतं हा तर प्रत्येकाचा अनुभव आहे.

अकाउंटिंगचं आणखी एक वैशिष्ट्य असं की ते साखळीने येतं. इतिहासात मौर्यकाल कच्चा राहिला तरी मराठेशाही वाचता येते. इथे तसं नाही. डब्ल्यूजीयूत इंटरमीजिएट अकाउंटिंग तीन विषयांत विभागलेलं आहे: साठा, घसारा, रोखे, भाडेपट्टे, पेन्शन, स्थगित कर असा सगळा डोंगर त्या तिघांत मिळून येतो. भाडेपट्ट्याच्या गणितात तेच आजच्या किमतीचं सूत्र परत येतं जे रोख्यात होतं. रोखा घाईत उरकला असेल तर भाडेपट्ट्याला दुप्पट वेळ जातो. म्हणजे वाचवलेले तास पुढच्या विषयात व्याजासकट वसूल होतात. माझ्या मते तिन्ही इंटरमीजिएट एकामागोमाग करावेत, मध्ये सहा महिन्यांची फट पडू देऊ नये. आणि प्रत्येकाच्या जोडीला लिखाणाचा एखादा हलका विषय ठेवावा. दोन इंटरमीजिएट एकत्र घेणारे पाहिले की मला दोन्ही हातांत दुधाची पातेली घेऊन जिना चढणारा माणूस आठवतो.

लिखाणाचे विषय वेगळ्या तालाचे. तिथे परीक्षेऐवजी काम लिहून पाठवायचं असतं, आणि तपासनीस ते ठरलेल्या कसोट्यांवर तपासतो. एक जरी मुद्दा राहिला तरी दुरुस्तीसाठी परत येतं. कसोटीचं प्रत्येक वाक्य मथळा म्हणून घेऊन त्याखाली उत्तर लिहिलं की बहुधा परत येत नाही. साहित्यिक लिहायच्या नादात लोक दोनदा फेऱ्या मारतात. शिवाय तपासायला काही दिवस जातात. ते दिवस मेल तपासत घालवायचे नाहीत, परीक्षेच्या विषयाला द्यायचे.

परीक्षेच्या विषयांना सराव परीक्षा असते आणि ती खऱ्या परीक्षेच्या धाटणीची असते. ती कधी द्यावी यावर दोन पंथ आहेत. एक म्हणतो पहिल्याच दिवशी, म्हणजे काय येतं काय नाही ते कळेल. दुसरा म्हणतो शेवटी. ज्या विषयात भांडवल आहे तिथे पहिल्या दिवशी द्यावी, ज्यात नाही तिथे शेवटी. नव्या विषयात पहिल्याच दिवशी दिली तर प्रश्न ओळखीचे होतात, आणि शेवटी त्याच प्रश्नांवर मिळालेले चांगले गुण ज्ञानाचे की ओळखीचे हे कळत नाही. खरी परीक्षा घरीच, पण कॅमेऱ्यासमोर. खोली दाखवावी लागते, टेबल रिकामं लागतं. नापास झालात तर लगेच दुसऱ्या दिवशी पुन्हा बसता येत नाही. आधी विषयाच्या शिक्षकांशी बोलणं, त्यांनी नेमून दिलेला अभ्यास, मग परवानगी. यात आठवडा सहज जातो. म्हणून टर्मच्या शेवटच्या आठवड्यात पहिलाच प्रयत्न ठेवणं हा शुद्ध जुगार आहे.

मग वेळापत्रक कोण लावणार? विद्यापीठाने एक मार्गदर्शक दिलेला असतो, तो ठरावीक दिवशी फोन करतो. माणूस चांगला असला तर मोठा आधार होतो. पण तो वर्गशिक्षक नाही. रोज येऊन पाठीत धपाटा घालणार नाही. या पद्धतीवर सरकारातही वाद झाला होता. 2017 साली अमेरिकी शिक्षण खात्याच्या महानिरीक्षकांच्या अहवालात म्हटलं होतं की इथे विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यात नियमित आणि भरीव संपर्क पुरेसा नाही, म्हणून विद्यापीठाने 71.3 कोटी डॉलरची सरकारी मदत परत करावी. 2019 च्या जानेवारीत खात्याने ती शिफारस फेटाळली, पैसे परत मागितले नाहीत. निकाल काहीही असो, विद्यार्थ्याने त्यातून एवढं उचलावं की आपण थांबलो तर लगेच कुणाच्या लक्षात येईलच असं नाही.

आणि माणूस थांबतो. फ्रेड केलर या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत 1960 च्या दशकात ब्राझीलमध्ये नेमकी अशीच पद्धत उभी केली होती: एक धडा पक्का झाला की पुढचा, प्रत्येकजण आपल्या गतीने. शिकणाऱ्यांना ती आवडली, निकालही चांगले आले. अडचण एकच होती, चालढकल. पुढे डॅन एरिएली आणि क्लाउस वर्टेनब्रॉख यांनी एमआयटीत एक प्रयोग केला, तो 2002 साली प्रसिद्ध झाला. एका वर्गाला तीन निबंधांच्या सारख्या अंतराच्या मुदती ठरवून दिल्या; दुसऱ्या वर्गाला सांगितलं, मुदती तुम्हीच ठरवा, पण ठरवल्या की उशिराला दंड. शेवटच्या दिवशी तिन्ही देणं दुसऱ्या वर्गाच्या सगळ्यात सोयीचं होतं. तरी बहुतेकांनी स्वतःहून आधीच्या मुदती घातल्या, म्हणजे त्यांना स्वतःची ओळख होती. पण गुण ठरवून दिलेल्या मुदतींच्या वर्गाचे चांगले आले, कारण स्वतः ठरवणाऱ्यांतल्या कित्येकांनी मुदती पुरेशा पसरवल्या नव्हत्या.

सीमासाठी याचा अर्थ साधा आहे. परीक्षेची तारीख अभ्यास संपल्यावर घ्यायची नाही, विषय उघडल्याच्या आठवड्यातच कॅलेंडरवर घालायची. तिची आठवड्याची कमाई साडेचौदा तास. 135 भागिले साडेचौदा, म्हणजे सव्वानऊ आठवडे. दहाव्या आठवड्याचा शनिवार. तारीख पुढे ढकलायची वेळ आली तर ढकलावी, पण वहीत लिहून: किती दिवस आणि का. दोनदा ‘का’ समोर तेच कारण दिसलं की रोग सापडतो.

आणि टर्म कुठल्या महिन्यात सुरू करायची याला जेवढं महत्त्व द्यावं तेवढं थोडं. अमेरिकेत वैयक्तिक आयकर विवरणाची शेवटची तारीख साधारण 15 एप्रिल. कर सल्लागाराच्या कचेरीत काम करणाऱ्याचे जानेवारीपासून तिथवरचे दिवस दुसऱ्याचेच असतात. अशा माणसाने एक डिसेंबरला टर्म सुरू केली तर सहापैकी साडेतीन महिने फी भरून वाया. एक मेला सुरू केली तर संपूर्ण टर्म हाताशी. एक टर्म संपली की पुढची लगेच दुसऱ्या दिवशी सुरू होते, उन्हाळ्याची सुट्टी वगैरे आपोआप मिळत नाही, त्यामुळे पहिली तारीख निवडताना पुढच्या दोन-तीन टर्मही बोटांवर मोजून घ्याव्यात.

ज्यादा विषय घेण्याचं काय? घ्यावेत, पण एकेक करून. चार संपले की पाचवा, पाचवा संपला की सहावा. टर्मच्या सुरुवातीलाच सात लिहून टाकायचे नाहीत. घेतलेला आणि न झालेला विषय नोंदीत राहतो. घेतलेल्या युनिटांपैकी किती पूर्ण झाली यावर सरकारी आर्थिक मदत अवलंबून असते. सुमारे दोन तृतीयांश पूर्ण व्हावी लागतात. शेवटचे तीन आठवडे उरले असताना सोपा वाटणारा विषय उघडण्याआधी हा भागाकार करून बघावा.

भारतात इग्नूतून बी.कॉम. करणाऱ्यांचा ताल वेगळा आहे. तिथे परीक्षा जून आणि डिसेंबरमध्येच, स्वाध्यायांना साधारण 30 टक्के वजन, परीक्षेला 70. तीन वर्षांचा अभ्यासक्रम सहा वर्षांपर्यंत लांबवता येतो. म्हणजे गती आपली, पण घाट त्यांचे. तिथे भांडवल मोडून पुढे पळता येत नाही, आणि त्यामुळे भांडवलाला नफा समजण्याची चूकही सहसा होत नाही. बाकी तासांचं गणित तेच.

अमेरिकेत ज्यांना पुढे सीपीए, म्हणजे तिथले परवानाधारक अकाउंटंट, व्हायचं आहे त्यांनी एक बघून घ्यावं. बहुतेक राज्यांनी बरीच वर्षं परवान्याला 150 क्रेडिट मागितले, पदवीच्या 120 हून 30 जास्त. अलीकडे ओहायोसारख्या राज्यांनी पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असा दुसरा रस्ताही खुला केलाय, आणि इतर राज्यांतही नियम बदलतायत. आपल्या राज्याचा नियम आधी वाचला तर टर्म किती आणि कुठल्या ठेवायच्या ते ठरवता येतं. आणि सीपीएच्या फायनान्शियल अकाउंटिंगच्या पेपरात पुन्हा तेच भेटतं: साठा, भाडेपट्टे, रोखे. तिथे ‘मी हे तीन आठवड्यांत संपवलं होतं’ या वाक्याला गुण नाहीत.

सीमाच्या दुसऱ्या टर्मकडे परत. तिने सातचा विचार सोडला, चारच घेतले: पहिला इंटरमीजिएट, कॉस्ट, आणि लिखाणाचे दोन. वहीत दर रविवारी रात्री दोनच आकडे लिहिले, ठरलेले तास आणि झालेले तास. पाचव्या आठवड्यात 14.5 समोर 6, शेजारी ‘ऑडिटर आले होते’. सहाव्यात 13. नवव्यात 15. दहाव्या शनिवारी परीक्षा होती, ती तिने आठ दिवस पुढे नेली आणि तेही वहीत लिहिलं. गुरुवारी रात्री साडेनऊला तिने कोऱ्या कागदावर लिफोचं एक गणित सोडवायला घेतलं. पावणेअकराला साठ्याची किंमत जुळली, पण विकलेल्या मालाच्या खर्चात 200 चा फरक येत होता. ती अकरा वीसपर्यंत बसली.